अंगणातला हिरवा डाग
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला सभासदांपैकी एकीने दोन शब्द बोलावेत असा आपला प्रघात आहे. आजवर आपण इथे उन्हाळी वाळवणांवर ऐकले, वारीवर ऐकले, मुलांच्या अभ्यासावर ऐकले. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले आणि विचारले, "विषय काय लिहू?" मी म्हटले, "मोटारीतले पाणी." त्यांना वाटले, मी थट्टाच करते आहे. पण थट्टा नाही. माझ्या जन्मात मला एकच गोष्ट अशी कळली आहे की जी तुम्हांला आधीपासून ठाऊक नसेल, आणि ती हीच आहे.

दुसरेही एक कारण आहे. आमच्या यजमानांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग आहे. हळदीकुंकवाला आलेल्या तुमच्यापैकी कितीतरी जणींनी मला विचारले, आणि मी दर वेळी एकच उत्तर दिले, "गरम पाणी सांडलं." ते खोटे नव्हते. पण पुरते खरेही नव्हते. आज पुरते सांगते.

आमची गाडी जुनी, लहानशी. घराला पडवी नाही, म्हणून ती अंगणातच उभी असते. सकाळी उठून अंगण झाडणे, सडा घालणे, रांगोळी काढणे हे माझे काम. २०२३ च्या एप्रिल अखेरीस एके दिवशी झाडताना गाडीच्या नाकाखाली मला एक ओला डाग दिसला. रुपयाएवढा. रंग हिरवट. बोट लावून पाहिले तर किंचित बुळबुळीत, आणि वास गोडसर. मी वरून बादलीभर पाणी ओतले आणि रांगोळी काढली. दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा होता. तिसऱ्या दिवशीही. असे तीन आठवडे मी तो डाग रोज धूत होते.

मग सांगितले का नाही, असे तुम्ही म्हणाल. तेच सांगायला आज उभी आहे. त्याआधी सहा महिन्यांपूर्वी मी एकदा म्हटले होते, "अहो, गाडीतून किरकिर आवाज येतोय." तेव्हा चार पाहुण्यांसमोर हे हसून म्हणाले होते, "तू आपला मिक्सर सांभाळ." पाहुणेही हसले. मीही हसले. पण ते मनात राहिले. म्हणून डाग दिसला तेव्हा मी गप्प बसले. गाडी हा पुरुषांचा विषय, असे मी मनाला सांगितले. पण आत थोडा रागही होता. म्हटले, कळेल एक दिवस आपोआप.

आणि तो दिवस आला. मे महिन्यात चिपळूणला मोठ्या नणंदेच्या मुलीचे लग्न होते. लग्न आटोपून दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही कराडला परत निघालो. गाडीत हे, मी, सासूबाई आणि मुलगी. ऊन रणरणत होते, म्हणून गाडीतला एसी लावलेला. पोफळी मागे टाकली आणि कुंभार्लीचा चढ लागला. वळणामागून वळण, पुढे मालाने भरलेला ट्रक, त्यामुळे गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चाललेली. मला एकाएकी गुळाचा पाक करपावा तसा गोड, उग्र वास आला. त्याच वेळी मुलगी म्हणाली, "बाबा, तो काटा बघा." टेंपरेचरचा काटा लाल रेघेला टेकला होता. बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली.

यांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडले आणि हाताला नॅपकिन गुंडाळून रेडिएटरचे झाकण फिरवले. पाणी कमी झाले असेल, घालून पुढे निघू, एवढाच त्यांचा हिशेब. झाकण सुटले मात्र, आणि कारंजे उडावे तसे उकळते पाणी वर आले. तोंड मागे घेतले म्हणून डोळे वाचले. हात सापडला.

पुढचा तो ट्रक थांबला होता. त्याचा ड्रायव्हर पाण्याचा कॅन घेऊन धावत आला आणि हातावर बारीक धार धरून उभा राहिला. सासूबाईंनी पिशवीतून टूथपेस्ट काढली होती. तो म्हणाला, "आजी, काही लावू नका. नुसतं पाणी." एक कॅन संपला, त्याने दुसरा आणला. चांगली वीस मिनिटे तो पाणी ओतत होता. पुढे पाटणला डॉक्टरांनी सांगितले की त्या पाण्यानेच हात पुष्कळसा वाचला. म्हणून आधी हेच सांगते : भाजले तर साध्या गार पाण्याची धार वीस मिनिटे धरावी. बर्फ नको, तूप नको, टूथपेस्ट नको, शाई नको. फोड आले तर फोडू नयेत. स्वच्छ फडके सैल गुंडाळून डॉक्टरकडे जावे. हातात बांगडी किंवा अंगठी असेल तर सूज येण्याआधीच काढावी.

आता झाकण उघडल्यावर एवढे का उसळले ते पाहू. हे तुम्हांला माझ्याइतकेच चांगले ठाऊक आहे, फक्त ते गाडीत पाहायची सवय नाही. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांवर उकळते. कुकरमध्ये वाफ कोंडली की तेच पाणी १२० अंशांच्या आसपास जाते, म्हणून डाळ लवकर शिजते. गाडीचा रेडिएटर हा एक कुकरच आहे. त्याच्या झाकणात स्प्रिंग असते आणि रबराची चकती असते. इंजिन चालताना पाणी साधारण ९० अंशांच्या आगेमागे असते. पाण्यात ग्लायकॉल नावाचा पदार्थ निम्मा मिसळलेला असतो, त्यालाच कूलंट म्हणतात. त्यामुळे आणि झाकणाच्या दाबामुळे ते सव्वाशे अंशांपर्यंत उकळत नाही. पण झाकण काढले की दाब जातो, आणि जे पाणी दाबाखाली निमूट होते ते सगळेच्या सगळे एका क्षणात उकळी घेते. शिट्टी न काढता कुकरचे झाकण ओढण्यासारखेच ते. आपल्यापैकी कोणी तसे करणार नाही. पण गाडीच्या झाकणाला शिट्टी नसते, म्हणून माणूस फसतो.

तेव्हा काटा चढू लागला तर काय करावे? पहिल्यांदा एसी बंद करावा. मग गाडीतला हीटर पूर्ण गरमवर ठेवून त्याचा पंखा जोरात लावावा. उन्हाळ्यात हा वेडेपणा वाटेल, पण हीटर इंजिनाचीच उष्णता ओढून आत टाकतो, तेवढीच इंजिनाला उतार. खिडक्या उघडाव्या, सुरक्षित जागा पाहून थांबावे, इंजिन बंद करावे. मग निदान अर्धा तास, शक्य तर तासभर, झाकणाला हात लावू नये. वरचा रबरी पाइप हाताला गार लागेपर्यंत थांबावे. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नये. तापल्या काचेच्या भांड्यात गार पाणी ओतल्यावर जे होते तेच लोखंडाचेही होऊ शकते. पुष्कळ नव्या गाड्यांना काटा नसतो, नुसता लाल दिवा असतो. तो लागला तरी हेच करावे. आणि काही गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसते, बाजूच्या बाटलीचे झाकण दाबाचे असते. तेही गरमपणी उघडायचे नाही.

असो. आम्हांला एका जीपवाल्याने पाटणला पोचवले. गाडी दुसऱ्या दिवशी ओढून एका गॅरेजात आणली. तिथल्या माणसाने पाहून सांगितले, "हेड गॅस्केट गेलं असणार. इंजिन उघडावं लागेल. बावीस हजार धरून चाला." घरात बावीस हजार होते. मुलीची दहावी झाली होती आणि जूनमध्ये तिच्या डिप्लोमाच्या प्रवेशासाठी ते बाजूला ठेवले होते. हात बँडेजमध्ये, अंगात कणकण, अशा स्थितीत हे म्हणाले, "करून टाक म्हणावं. गाडीशिवाय आईला दवाखान्यात कसं न्यायचं?"

तेव्हा मला राहवले नाही. मी म्हटले, "थांबा. इंजिन उघडू नका. गाडी तीन आठवड्यांपासून गळत होती." आणि मी डागाचे सगळे सांगितले. ते ऐकून घेत होते. शेवटी इतकेच म्हणाले, "तीन आठवडे? आणि बोलली नाहीस?" माझ्या ओठांवर मिक्सरचे शब्द आले होते. पण त्यांच्या हाताकडे पाहिले आणि बोलवेना. तेही पुढे काही बोलले नाहीत. त्या रात्री आम्ही दोघेही जागे होतो आणि दोघांनाही ते माहीत होते.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे मिस्त्रीकाका राहतात. एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्यांची सारी नोकरी झाली. आता हात कापतात, म्हणून काम करीत नाहीत. सकाळी मी त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, "सूनबाई, डोकं माझं, हात तुझे. चालेल?" मी हो म्हटले. गाडी ओढून परत अंगणात आणली. काका खुर्ची टाकून बसले, मुलगी गाडीचे इंग्रजी पुस्तक घेऊन पायरीवर बसली, आणि मी पदर खोचून, वेणीचा अंबाडा घालून बॉनेटपाशी उभी राहिले. अंबाडा घालायला काकांनीच सांगितले. कारण रेडिएटरचा पंखा विजेचा असतो, आणि इंजिन गरम असेल तर ते बंद असतानाही तो एकाएकी फिरू लागतो. पदर, ओढणी, वेणी, काहीच लोंबते ठेवू नये.

काकांचा पहिला प्रश्न : गळते आहे ते काय? गाडीखाली पांढरा पुठ्ठा किंवा जुनी पांढरी चादर टाकावी. डाग बिनरंगी, बिनवासाचा आणि एसी लावल्यावरच पडत असेल, तर ते एसीचे पाणी, त्याची काळजी नाही. काळा किंवा तपकिरी आणि तेलकट असेल तर ऑइल. हिरवा, गुलाबी, निळा किंवा नारिंगी आणि गोडसर वासाचा असेल तर कूलंट. रंग हा नुसता घातलेला असतो, गळती दिसावी म्हणूनच त्याचा मुख्य उपयोग.

दुसरा प्रश्न : डाग पडतो कुठे? अगदी नाकाखाली पडत असेल तर रेडिएटर किंवा त्याचे पाइप. इंजिनाच्या ज्या बाजूला पट्टा फिरतो तिथे पडत असेल तर वॉटर पंपावर संशय घ्यावा. पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असते, आतले सील गेले की पाणी तिथून झिरपते. खाली काहीच नाही, पण आत पायाखालची सतरंजी ओली होते, काचेवर चिकट धुके येते आणि गोड वास सुटतो, तर हीटरची जाळी फुटली समजावे. आणि कुठेच डाग नाही, तरी पाणी रोज कमी होते, तर ते इंजिनाच्या पोटात जाते आहे. ते सर्वांत वाईट.

म्हणून तिसरा प्रश्न तोच : पोटात जाते आहे का? गॅरेजवाल्याचे म्हणणे हेच होते. काकांनी मला ऑइलची पट्टी ओढायला लावली. ऑइलात पाणी शिरले की त्याचा रंग दूध घातलेल्या कॉफीसारखा होतो, ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा थर बसतो. आमच्या पट्टीवर ऑइल नुसते काळे होते. मी ते दोनदा पाहिले. मग गार रेडिएटर डिस्टिल्ड पाण्याने भरला, झाकण उघडे ठेवून इंजिन थोडा वेळ चालवले. गॅस्केट गेले असेल तर रेडिएटरच्या तोंडाशी न थांबता बुडबुडे येतात आणि मागच्या नळीतून गोड वासाचा दाट पांढरा धूर निघतो. दोन्ही नव्हते. मुलगी नळीमागे वाकून वास घेत होती आणि मी मनातल्या मनात ग्रामदैवताला नारळ बोलले होते. काका म्हणाले, "शंभर टक्के आत्ताच नाही सांगत. पण लक्षणं चांगली आहेत. आता चोर शोधू."

चोर शोधायची रीत अशी. इंजिन पूर्ण गार. हातात बॅटरी घ्यायची आणि प्रत्येक सांधा पाहायचा. कूलंट वाळले की मागे पांढरट-हिरवा खर बसतो, आपल्या नळाच्या तोटीभोवती क्षार बसतो तसा. वरचा पाइप पाहिला, स्वच्छ. रेडिएटरची जाळी पाहिली, धूळ आणि मेलेले किडे होते, खर नव्हता. खालचा पाइप जिथे रेडिएटरला क्लिपने आवळलेला असतो तिथे हात घातला, तर बोटाला खरखरीत लागले. आरसा धरून पाहिले. क्लिपच्या काठाला पाइपला बारीक चीर होती. पाइप दाबला की चीर उघडे, सोडला की मिटे. कुकरची रिंग जुनी होऊन कडक होते आणि दुमडली की तडकते, अगदी तशी. गार असताना तिथून थेंब येई. पण घाटात दाब वाढल्यावर त्याची धार झाली असणार. बाटलीतले पाणी तीन आठवड्यांत कधीच संपले होते आणि ती बाटली कोणी पाहिलीच नव्हती.

मला वाटले, झाले. काका म्हणाले, "एक चोर सापडला म्हणजे घरात दुसरा नाही असं नव्हे." त्यांनी ओळखीच्या दुकानातून दाब तपासायचा हातपंप आणवला. तो झाकणाच्या जागी बसवायचा आणि झाकणावर जेवढा आकडा छापलेला असतो तेवढाच दाब भरायचा, अधिक नाही. आमच्या झाकणावर ०.९ होते. दाब भरला आणि पंपाचा काटा डोळ्यांदेखत खाली आला, पुठ्ठ्यावर टप टप थेंब पडू लागले. सगळे त्या चिरेतूनच. मग झाकण तपासले. त्याचीही रबरी चकती भेगाळलेली. दाब कोंडत नसेल तर पाणी लवकर उकळते, म्हणून झाकणही बदलायचे ठरले.

आता दुरुस्ती. खाली परात ठेवून उरलेले पाणी काढून घेतले. इथे एक फार महत्त्वाची गोष्ट : कूलंट चवीला गोड असते आणि ते विष आहे. कुत्री-मांजरे ते चाटतात आणि मरतात. लहान मुलाच्या पोटात थोडे गेले तरी जिवावर बेतते. ते गटारात, अंगणात ओतू नये. उघडी परात ठेवून आत जाऊ नये. मी ते कॅनमध्ये भरून, चिठ्ठी चिकटवून, जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजात दिले. आणि ते तीन आठवडे मी जो डाग धूत होते, त्या जागेपासून चार हातांवर शेजारचा दोन वर्षांचा नातू खेळत असे. हे मला त्या दिवशी कळले आणि हातापायांतले बळ गेले.

क्लिप सैल करून जुना पाइप काढायचा. तो चिकटून बसलेला असतो. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नये, कारण रेडिएटरचे तोंड प्लॅस्टिकचे असते आणि ते मोडले तर रेडिएटरच बदलावा लागतो. पाइपच टाकायचा आहे, तेव्हा त्याला सुरीने बेताने उभी चीर देऊन सोलून काढावा. तोंड ओल्या फडक्याने स्वच्छ पुसावे. नवा पाइप आणताना जुना सोबत न्यावा, कारण त्याची वळणे तशीच हवीत. नव्या क्लिपा आधी पाइपावर सरकवून घ्याव्या. मी विसरले आणि सगळे पुन्हा काढावे लागले. पाइप चढत नसेल तर पाण्याचे बोट लावावे, तेल लावू नये, तेलाने रबर फुगते. रेडिएटरच्या तोंडाला बाहेरून एक उंचवटा असतो, त्याच्या मागे क्लिप बसली पाहिजे. आणि आवळायची ती लोणच्याच्या बरणीच्या झाकणासारखी, घट्ट पण जीव न काढता. फार आवळली की क्लिपच रबर कापते.

पुन्हा पंप लावला, पुन्हा ०.९ पर्यंत दाब भरला. काकांनी घड्याळ मांडीवर ठेवले. पंधरा मिनिटे आम्ही चौघे त्या काट्याकडे पाहत होतो. हेही बँडेज केलेला हात गळ्यात अडकवून बाहेर येऊन उभे राहिले होते. काटा हलला नाही.

मग कूलंट भरले. निम्मे कूलंट आणि निम्मे बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी. बोअरचे पाणी घालू नये, कुकरच्या तळाला बसतो तसा पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. तयार मिसळलेले कूलंटही मिळते, त्यात पाणी घालायचे नसते. आणि एक जुनी युक्ती तुम्ही ऐकली असेल, रेडिएटरमध्ये हळद टाकायची. आमच्या शेजाऱ्यांनीही सुचवली. काका म्हणाले, "अडल्या वेळी रानात ट्रकवाले टाकायचे, गाव गाठायला. पण ती चिरेत बसते तशी नळ्यांतही बसते." हळद स्वयंपाकघरातच बरी.

भरताना हवा कोंडता कामा नये. झाकण उघडे, हीटर गरमवर, आणि इंजिन गार असतानाच सुरू करायचे. सुरुवातीला पाणी इंजिनातच फिरते. ते तापले की थर्मोस्टॅट नावाची झडप उघडते, वरचा पाइप गरम होतो, बुडबुडे येतात आणि पाणी झपकन खाली जाते. ते पाहून घाबरू नये, हळूहळू भर घालावी. बुडबुडे थांबले की झाकण लावावे, बाटली खुणेपर्यंत भरावी. पंखा आपोआप लागून आपोआप बंद झाला, म्हणजे साधले. आमच्या गाडीत सुमारे चार लिटर बसले. पाइप, झाकण, क्लिपा, कूलंट सगळे मिळून दोन हजारांच्या आत. बावीस हजारांतले वीस वाचले, मुलीचा प्रवेश वेळेवर झाला.

त्या गॅरेजवाल्याला मी खोटा म्हणत नाही. इंजिन एवढे तापले की गॅस्केट पुष्कळदा जातेच. आमचे वाचले ते गाडी लगेच बंद केली म्हणून. त्याने फक्त वाफ पाहिली होती. डाग पाहिला होता मी, आणि मी मुकी होते.

मुलीने नंतर मला एक हकीगत वाचून दाखवली. जर्मनीत मोटारीचा शोध लावणारे कार्ल बेंझ, त्यांच्या पत्नी बर्था. १८८८ च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याला न सांगता ही बाई दोन मुलांना घेऊन त्या तीन चाकी गाडीतून मॅनहाइमहून फोर्ट्सहाइमला निघाली. शंभर किलोमीटरहून अधिक रस्ता. आणि निघाली कुठे, तर माहेरी, आईला भेटायला! त्या गाडीत पाणी कोंडून ठेवायची सोयच नव्हती, ते उकळून उडून जाई. म्हणून बाई वाटेत पुन्हा पुन्हा पाणी मिळवून भरत होत्या. इंधनाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनेने साफ केली, आणि ब्रेकला चांभाराकडून चामडे लावून घेतले. मोटारीने दूरचा प्रवास पहिल्यांदा केला तो एका बाईने, आणि सबंध वाटभर तिचे लक्ष पाण्याकडे होते. मग मोटार हा पुरुषांचा विषय कधी झाला कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडू घेऊन अंगणात आले. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवले होते. ते ओढून पाहिले. कोरडे. मी सडा घातला नाही, तशीच पायरीवर बसले. हे बाहेर आले, माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "मिक्सरचं बोललो होतो ना मी?" त्यांनाही ते आठवत होते. मी म्हटले, "डाग मीही लपवला." एवढेच बोलणे झाले. पण त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी, गाडी गार असताना, आम्ही दोघे बॉनेट उघडतो. ते बाटलीची खूण पाहतात, मी पाइप चाचपते.

आज इकडे यायला निघाले तेव्हा हातावरचा डाग पुसट झाला आहे का ते पाहत म्हणाले, "सगळं खरं सांग हो." म्हणून सांगितले.

मैत्रिणींनो, अंगण आपण झाडतो. त्यामुळे घरातले पुष्कळ डाग आपल्याला आधी दिसतात. कोणी हसले तरी सांगून टाकावे, एकदा नाही तर दोनदा. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी आज घरी गेल्यावर तिच्याखाली वाकून पाहा. काही दिसले तर रविवारी सकाळी आमच्या अंगणात घेऊन या. मात्र शक्य तो ढकलत, गार इंजिनाने. मिस्त्रीकाका खुर्चीवर असतीलच, आणि चहा मी ठेवीन.